कामावर माणूस दगावला तर दंड आता पाच लाखांपासून; पण तो लागणार कुणाला?

जिनिंग, साखर कारखाना, खडी क्रशर, वीटभट्टी, डाळ मिल, नाहीतर एमआयडीसीतलं एखादं केमिकलचं युनिट. आपल्या तालुक्यांत यातलं काही ना काही आठ-दहा किलोमीटरच्या आत आहेच. तिथं जाणारा माणूस शेती सांभाळून जातो. कुणी हंगामापुरता जातो, कुणी रात्रपाळीला. तिथं अपघात झाला की बातमी येते, फोटो येतो, व्हॉट्सअॅपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' फिरते आणि पंधरा दिवसांत विषय संपतो. मालकाला शिक्षा काय झाली, हे पुढं कुणी विचारत नाही. आम्ही बातमीदारही फारसं विचारत नाही, हे मान्य केलं पाहिजे.

आता विचारायचं कारण असं की कायदा बदललाय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता देशभर लागू झाल्या. त्यातली एक 'व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२०'. कारखाना कायदा, खाण कायदा, बांधकाम कामगारांचा कायदा, ठेकेदारी कामगारांचा कायदा असे १३ जुने कायदे तिच्यात घातलेत. जुने नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तिथवर चालू राहतात, त्यामुळं उद्या सकाळी सगळं बदललं असं होत नाही. पण शिक्षेचे आकडे बदलले आणि ते सगळीकडं ठळक छापून आले. दंड अनेक पट वाढला, आता मालकांना वचक बसेल, असं सांगितलं जातंय.

आकडे आधी नीट बघू.

१९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ९२ होतं. सुरक्षेचे नियम मोडले तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यातून माणूस मेला तर दंड २५ हजारांपेक्षा कमी नको, आणि गंभीर इजा झाली तर ५ हजारांपेक्षा कमी नको, एवढीच खालची मर्यादा. पाच हजार म्हणजे हात गेलेल्या माणसाच्या नावानं मालकानं सरकारला भरायची रक्कम, साध्या मोबाईलच्या किमतीएवढी. बांधकामाच्या कायद्यात तर सुरक्षेचे नियम मोडल्यावर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड होता. दोन हजारात आज परातीची चवड पण येत नाही.

नव्या संहितेत कलम १०३ आहे. मालकानं आपलं कर्तव्य पाळलं नाही आणि त्यामुळं अपघातात कामगार मेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा कमीत कमी ५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. यात एक चांगली गोष्ट नवी आली आहे. न्यायालय त्या दंडातली निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम जखमी कामगाराला किंवा मयताच्या वारसांना द्यायला सांगू शकतं. आधी दंड भरला की तो सरकारच्या तिजोरीत जायचा, घरच्यांच्या हाती त्यातलं काही लागायचं नाही. कुणाचा जीव गेला नाही, कुणाला इजा झाली नाही, पण नियम मोडला, तरी साधारण २ ते ३ लाखांचा दंड आहे. कामगारानं आपली जबाबदारी पाळली नाही तर त्यालाही दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

म्हणजे २५ हजारांचे ५ लाख झाले. वीस पट. कागदावर हे वाढलंय यात वाद नाही.

माझं म्हणणं पुढचं आहे. दंड किती, हा आपल्या तालुक्यातला अडचणीचा प्रश्न कधी नव्हताच. दंड लागेपर्यंत प्रकरण पोचतच नाही, अडचण ती आहे. वाटेत तीन-चार ठिकाणी ते अडकतं, आणि नव्या संहितेनं त्यातली एक-दोन ठिकाणं अजून अवघड केली आहेत.

पहिलं अडकतं ते हजेरीपुस्तकाजवळ. केंद्राच्या जुन्या कायद्यात वीज वापरून काम चालत असेल आणि दहा कामगार असतील तर तो कारखाना. वीज नसेल तर वीस. नव्या संहितेत हे आकडे वीस आणि चाळीस झाले. आता आपल्याकडची युनिटं डोळ्यापुढं आणा. गावाकडची डाळ मिल, ऑईल मिल, सिमेंटचे ब्लॉक पाडणारं युनिट, हळद पॉलिशचं यंत्र. प्रत्यक्षात माणसं बावीस असली तरी पुस्तकात चौदा दाखवायला कितीसा वेळ लागतो? बाकीची ठेकेदाराची, रोजंदारीची, 'आजच आलेली'. ठेकेदारीच्या तरतुदी केंद्राच्या जुन्या कायद्यात वीस माणसांपासून होत्या, त्या आता पन्नासपासून लागतात. कामगाराचं नावच कुठल्या कागदावर नसेल, तर सुरक्षेची जबाबदारी नेमकी कुणाची, हा वाद तिथूनच सुरू होतो. धोक्याचं किंवा जिवावर बेतणारं काम असेल तर एका कामगाराच्या जागेलाही संहिता लावण्याचा अधिकार सरकारनं आपल्याकडं ठेवलाय. तो वापरला पाहिजे. क्रशर आणि फटाक्याचं काम त्यात पहिलं यावं, असं माझं मत.

संहितेत एक तरतूद मात्र आपल्या कामाची आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं. हंगामी माणसाला आजवर हे कुणी दिलेलं नाही. आपल्याकडं नेमणूक म्हणजे मुकादमाचा फोन, 'उद्या चार माणसं घेऊन ये'. बायकांना तर ठेकेदाराचं आडनावही माहीत नसतं. हे पत्र मिळालं तर दंडाच्या आकड्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

दुसरं अडकतं ते पोलीस ठाण्यात. कामावर माणूस मेला की आधी 'आकस्मिक मृत्यू'ची नोंद होते. सगळे त्याला एडी म्हणतात. सर्पदंश, विहिरीत पडणं, विजेचा धक्का, सगळं याच नोंदीत. पंचनामा होतो, पोस्टमार्टम होतं, जबाब होतात. यात चूक काही नाही, कायद्यातच ती पद्धत आहे. पण एडी म्हणजे गुन्हा नव्हे. चौकशीत निष्काळजीपणा दिसला तर पुढं गुन्हा दाखल करायचा असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत ही कैद दोन वर्षांपर्यंतच होती. म्हणजे कामगार कायद्यापेक्षा फौजदारी कायदा इथं कडक आहे. पण जबाबात 'पाय घसरून पडला' एवढंच लिहिलं आणि खाली भावाचा अंगठा घेतला, की फाईल तिथंच थांबते. पट्ट्याला जाळी होती का, टाकीत उतरताना दोर होता का, वर दुसरा माणूस उभा होता का, हे प्रश्न जबाबात येतच नाहीत. घरचे रडण्यात असतात. कागद वाचायची ती वेळ नसते आणि वाचून दाखवणारा बहुतेकदा मालकाचाच माणूस असतो.

कारखाना कायद्याखालचा खटला वेगळा. तो पोलीस चालवत नाहीत. त्याची फिर्याद निरीक्षकानं न्यायालयात करायची असते. आपल्या राज्यात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं. जुन्या कायद्यात निरीक्षकाला गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत ही फिर्याद करावी लागायची. नव्या संहितेत निरीक्षकाचं नावच 'निरीक्षक तथा सुविधाकार' झालंय. म्हणजे त्यानं तपासायचंही आणि मालकाला सल्लाही द्यायचा. ज्या चुकीला कैद नाही, नुसता दंड आहे, तिथं तो दंड न्यायालयाऐवजी सरकारी अधिकारी चौकशी करून ठरवू शकतो. शिवाय फक्त दंडाच्या गुन्ह्यात कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून प्रकरण मिटवायची सोयही आहे. ती रक्कम असंघटित कामगारांच्या सामाजिक सुरक्षा निधीत जाते. मृत्यूच्या कलमाला दोन वर्षांपर्यंत कैद असल्यानं निम्मा दंड भरून तिथून सुटता येत नाही. सल्ला देण्यात गैर काहीच नाही, लहान युनिटवाल्याला खरंच बऱ्याच गोष्टी माहीत नसतात. पण सल्ला देणारा माणूस तालुक्याला दिसला तर पाहिजे. किती वाचकांनी हे कार्यालय आपल्या गावाजवळच्या युनिटमध्ये येऊन गेलेलं पाहिलंय, ते जरा आठवून बघा.

तिसरं अडकण्याचं ठिकाण सगळ्यात वाईट, कारण तिथं आपलीच माणसं बसलेली असतात. मी बातमीसाठी म्हणून अशा दोन-तीन बैठका पाहिल्या आहेत. दवाखान्याच्या आवारात किंवा सरपंचाच्या ओसरीवर. मयताचा चुलता, मुकादम, मालकाचा मेव्हणा, गावातले दोन वजनदार लोक. आधी पाच लाखांची गोष्ट, मग 'शेठचं पण कर्ज आहे', मग दोन लाख, त्यातले पन्नास हजार अंत्यविधीला आत्ता आणि उरलेले 'कापूस विकल्यावर'. स्टँप पेपर येतो. त्यावर लिहिलेलं असतं की 'आमची कुणाविरुद्ध काही तक्रार नाही, यापुढं कसलाही दावा करणार नाही'. विधवेची सही. ती बाई तिथं नसतेच, ती आत असते, कागद आत नेला जातो.

हा भाग मोबाईलवर जपून ठेवण्यासारखा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

तो स्टँप पेपर कायद्यानं दावा बुडवू शकत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातच असं होतं की मृत्यूच्या प्रकरणात मालकानं वारसाच्या हातात थेट दिलेले पैसे भरपाई दिली म्हणून धरले जात नाहीत. भरपाई आयुक्तांकडंच जमा करावी लागते आणि तिथून ती वारसांना वाटली जाते. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी हे काम कामगार न्यायालयं पाहत आली आहेत. कामगारानं आपला भरपाईचा हक्क सोडल्याचा करारही त्या कायद्यानं रद्दच ठरतो. हीच चौकट आता सामाजिक सुरक्षा संहितेत आली आहे. म्हणजे नोटरी केलेला कागद दाखवून 'आता काही मिळणार नाही' असं कुणी म्हणत असेल, तर ते खोटं आहे.

आणि रक्कम किती होते ते बघा. मृत्यूसाठी सूत्र असं: मासिक पगाराचे निम्मे, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. पगार कितीही असला तरी हिशेबाला १५ हजारांपर्यंतच धरायचा, असं केंद्रानं २०२० मध्ये ठरवलं. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७. त्याचा पगार १२ हजार असेल तर निम्मे ६ हजार, गुणिले १८४.१७, म्हणजे ११ लाख ५ हजार २० रुपये. तीस वर्षांचा, १५ हजार पगाराचा असेल तर १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. ओसरीवरच्या बैठकीत दोन लाखांवर मिटतं ते हे. भरपाई देय झाल्यापासून एका महिन्यात मालकानं भरली नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला योग्य कारण नसेल तर भरपाईच्या निम्म्यापर्यंत वेगळा दंड. कामगाराची ईएसआयसी कापली जात असेल तर मात्र ही भरपाई नसते, तिथं कुटुंबाला दरमहा पेन्शनसारखी रक्कम मिळते. म्हणून पगाराच्या पावतीवर ईएसआयसीची कपात दिसते का, ते आधी बघा.

अजून दोन गोष्टी बैठकीत हमखास ऐकू येतात.

'तो आमचा नव्हताच, ठेकेदाराचा होता.' याचा उपयोग नाही. मूळ मालकाच्या कामावर ठेकेदाराचा माणूस गेला तरी भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मालकानं ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्या दोघांचा हिशेब.

'तो प्यायलेला होता.' आपल्याकडं मेलेल्या माणसावर हा आरोप पहिल्या तासातच होतो. कायदा सांगतो की दारू, मुद्दाम नियम मोडणं, मुद्दाम जाळी काढणं ही कारणं मालकाला उपयोगी पडतात, पण फक्त लहान-मोठ्या जखमांत. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला तर या सबबीवर भरपाई नाकारता येत नाही. मुद्दाम सांगतोय, कारण या एका वाक्यानं कित्येक घरांनी माना खाली घातल्या आहेत.

दंड आणि भरपाई यात लोकांचा फार गोंधळ होतो, म्हणून एकदा स्पष्ट लिहितो. दंड ही मालकाला शिक्षा. त्यासाठी त्याची चूक सिद्ध व्हावी लागते. भरपाई हा कुटुंबाचा हक्क. तिला चूक सिद्ध करावी लागत नाही, कामावर असताना कामामुळं अपघात झाला एवढं पुरतं. कामावर जाता-येतानाचा अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, नव्या संहितेत धरलाय. पिकअपमध्ये उभं राहून जाणाऱ्या आपल्या बायांसाठी हे महत्त्वाचं. सरकार जाहीर करतं ती मदत या दोन्हींपेक्षा वेगळी. ती मिळाली म्हणून भरपाई कमी होत नाही.

आता एक मोठं प्रकरण. ७ जून २०२१. पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात उरवडे गावच्या हद्दीतल्या रासायनिक कंपनीला आग लागली. १७ कामगार गेले, त्यात १५ बाया. शहरातली वसाहत नव्हे, ग्रामीण तालुका. तिथं एडीवर थांबलं नाही. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला, कंपनीच्या संचालकांपैकी अटकही झाली. राज्य सरकारनं वारसांना प्रत्येकी पाच लाख जाहीर केले. हे झालं कारण एकदम सतरा जीव गेले, देशभर बातमी झाली, मंत्री गावात आले. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळ वाघाडीच्या केमिकल कारखान्यात स्फोट झाला, डझनभराहून जास्त माणसं गेली, तेव्हाही सगळी यंत्रणा धावली. आपल्याकडं एका वेळी एक माणूस जातो. कधी मळीच्या टाकीत गुदमरून, कधी पट्ट्यात पदर अडकून, कधी क्रशरच्या जबड्यात. एकट्या माणसासाठी कुणी धावत नाही, आणि कायद्याची खरी परीक्षा तिथंच होते. कलम १०३ मध्ये 'मृत्यू' असा शब्द आहे, किती मृत्यू ते लिहिलेलं नाही.

पदर अडकण्यावरून आठवलं. चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याला अंगाबरोबर बसणारे कपडे मालकानं द्यायचे, ही तरतूद जुन्या कारखाना कायद्यातली आहे. पट्टे, चाकं, शाफ्ट यांना जाळी घालायची ही तेव्हाचीच. म्हणजे या गोष्टी नव्या नाहीत आणि महागही नाहीत. लोखंडी जाळी आपल्या बाजारपेठेतला कुठलाही वेल्डर दोन दिवसांत करून देतो. काही जिनिंगवाल्यांनी ती स्वतःहून बसवली आहे आणि बायांना साडीवर घालायला कोट दिलेत, हेही लिहिलं पाहिजे. म्हणजे करायचं म्हटलं तर होतं.

आता आपल्यावर येऊ. इथवर वाचताना 'मालक' म्हटलं की आपल्याला शेठ दिसला असेल. पण फवारणीला दोन माणसं सांगितली, तेव्हा मालक कोण? विहिरीवर यारी लावली, खाली चार माणसं उतरवली, तेव्हा मालक कोण?

२०१७ चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. खूप चर्चा झाली, चौकशी पथक नेमलं गेलं, काही औषधांवर काही दिवस बंदी आली. कीटकनाशकांचे नियम १९७१ पासून सांगतात की फवारणी करणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत, श्वासाचं साधन हवं, कामाला लावण्याआधी वैद्यकीय तपासणी हवी. आपल्यापैकी कुणी फवारणीच्या मजुराची तपासणी केली आहे? मी तरी कुणाला करताना पाहिलं नाही. रुमाल बांधला की झालं. दहा माणसांच्या खालचं साधं शेत सुरक्षा संहितेच्या हद्दीत येत नाही, म्हणजे कलम १०३ चे पाच लाख शेतकऱ्याला लागणार नाहीत. पण म्हणून आपण मोकळे नाही. निष्काळजीपणानं मृत्यूचं कलम १०६ सगळ्यांना आहे. ट्रॅक्टरवर किंवा विजेवर-इंजिनावर चालणाऱ्या यंत्रावर शेतीचं काम करणारा मजूर भरपाई कायद्याच्या यादीत आधीपासून आहे. मळणीयंत्रावर हात गेला तर मजूर शेतकऱ्याकडं भरपाई मागू शकतो.

हे लिहिल्यावर काही शेतकरी भाऊ रागावतील. सोयाबीनला भाव नाही, त्यात हे कुठून आणलं म्हणतील. मीही शेती करतो, मळणीच्या घाईत काय होतं ते मला माहीत आहे. पण मजूरही आपल्याच गल्लीतला आहे. शेतकऱ्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. भूमिहीन मजुराच्या नावावर सातबारा नसतो, त्याला ती योजना नाही. त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, दोघांचा अपघात झाला तर एकाच्या घरी दोन लाख येतील आणि दुसऱ्याच्या घरी फक्त भांडण. यंत्राचा विमा काढताना ऑपरेटर आणि मजुरांचा विमाही काढता येतो का, हे भाड्यानं मळणी करणाऱ्यांनी कंपनीला विचारावं. आणि विहिरीत सुरुंग उडवल्यावर लगेच माणसं उतरवू नका. खाली धूर साचलेला असतो, हे प्रत्येक यारीवाल्याला माहीत असतं, तरी घाईत तेच होतं.

संघटना म्हणतात संहितेनं कामगाराचं संरक्षण पातळ केलं. सरकार म्हणतं सोपं केलं. दंडाच्या आकड्यापुरतं सरकारचं म्हणणं बरोबर आहे आणि कारखान्याच्या व्याख्येपुरतं संघटनांचं. मला विचाराल तर आपल्या पट्ट्यात कारखान्याच्या व्याख्येचा फरक जास्त पडणार, कारण आपल्याकडं पन्नास कामगारांची जागा कमी आणि पंधरा-अठरा कामगारांची जास्त. अठरा माणसं मरेपर्यंत राबतात तिथं 'कारखाना' म्हणून असलेले नियम लागणार नाहीत, आणि दंड मात्र पाच लाखांचा आहे म्हणून आपण समाधान मानायचं, हे मला पटत नाही. राज्य सरकारनं निदान क्रशर, फटाके, रसायनं आणि जिनिंग या कामांना माणसांच्या संख्येची अट ठेवू नये. आपल्या आमदारांनी हा प्रश्न सभागृहात विचारायला काही खर्च येत नाही.

घरात असा प्रसंग आला तर पहिल्या आठवड्यात काय करायचं, ते विचारणारे फोन येतात, म्हणून लिहितो.

जबाबावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचून घ्या, घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला बसवा. यंत्राला जाळी नव्हती, दोर नव्हता, मास्क दिला नव्हता, हे जबाबात लिहून घ्या. लिहिलं नाही तर वेगळा लेखी अर्ज ठाण्यात द्या आणि पोच घ्या. अपघाताच्या जागेचे फोटो त्याच दिवशी काढा, कारण दुसऱ्या दिवशी जाळी बसलेली असते. हे मी गमतीनं लिहीत नाही, होतं तसं. मयत तिथं कामाला होता याचा पुरावा गोळा करा: मुकादमाचे फोन, फोन-पे वर आलेले पैसे, सोबतच्या कामगारांची नावं, गेटवरची नोंद. पोस्टमार्टमची आणि पंचनाम्याची नक्कल मागा. अंत्यविधीसाठी मालक पैसे देत असेल तर घ्या, त्यात लाज नाही, पण कागदावर 'अंत्यविधीसाठी' एवढंच लिहा.

त्यानंतर दोन वेगळे अर्ज. एक औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या आपल्या विभागाच्या कार्यालयाला, की अमुक जागी अमुक दिवशी अपघात झाला, चौकशी करून कारवाई करावी. मृत्यू झाला किंवा ४८ तासांहून जास्त काम करता येऊ नये अशी इजा झाली, तर मालकानं स्वतःच कळवायचं असतं. त्यानं कळवलं का, हेही त्या अर्जात विचारा. दुसरा अर्ज भरपाईचा, वकिलामार्फत. वकिलाची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडं जा, ती आपल्या तालुक्याच्या न्यायालयातच असते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दोन्ही अर्ज पोस्टानं पाठवले तरी चालतात. पोचपावती आणि अर्जाची झेरॉक्स एकाच पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी चुलत्याकडं नको, मयताच्या बायकोकडं असू द्या.